कावळ्याला दिलेला शब्द

अमेरिकेने जगाच्या उठाठेवी सोडून आपल्या घरात लक्ष घालायचं ठरवलं, अशी बातमी आली त्या सकाळी नगरच्या आमच्या बागेत आनंदीआनंद होता. आम्ही निवृत्त मंडळी तिथे रोज फिरायला जातो. फिरायला म्हणजे दोन फेऱ्या मारायच्या आणि उरलेला वेळ बाकावर बसून जग चालवायचं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्यातले परराष्ट्रमंत्री. गुडघ्याला पट्टा बांधून येतात, दोन पायऱ्या चढताना बायकोचा खांदा धरतात आणि बाकावर टेकले की महासत्तांना दमात घेतात. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. "गेली एकदाची पीडा," म्हणाले. "बाहेरच्यांना मदत बंद म्हणजे दादागिरीही बंद. आता जग अनेक खांबांवर उभं राहणार, आणि त्यातला एक खांब आपण."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तीस वर्षं संगमनेरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलं, त्यामुळे जगात काही घडलं की शिक्कामोर्तबासाठी माझ्याकडे बघायची त्यांची पद्धत आहे. मी म्हटलं, "तुमच्या गल्लीतला दिव्याचा खांब गेल्या पावसाळ्यापासून वाकलाय. आधी तो उभा करा, मग जगाचं बघू."

मंडळी हसली. मी विनोद करते असं त्यांना वाटतं. मला मात्र संताप आला होता, कारण जी मदत बंद झाली म्हणून त्यांनी चहा पाजला, तिच्यावर पाथर्डीकडचं एक वसतिगृह चालत होतं आणि मी आठवड्यातून दोनदा तिथे शिकवायला जात होते.

वसतिगृह म्हणजे एक पत्र्याची शेड. पाथर्डीच्या पुढे, जीपने आडरस्त्याला लागलं की एक गाव येतं, त्याच्या कडेला. दिवाळी झाली की त्या भागातली घरंच्या घरं ऊसतोडीला निघून जातात, कुणी संगमनेरकडे, कुणी कोल्हापूरपर्यंत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. मुलं आईबापाबरोबर गेली की शाळा सुटते ती सुटतेच. म्हणून नगरच्या एका संस्थेने मुलींसाठी हे हंगामी वसतिगृह काढलं होतं. घरचे उसात असतील तेवढे महिने मुलींनी इथे राहायचं आणि शाळा-कॉलेज करायचं. जागा गावातल्या एका वयस्क शेतकऱ्याची. सगळे त्यांना आबा म्हणत. धान्य ठेवायची शेड त्यांनी रिकामी करून फुकट दिली आणि वर रोज संध्याकाळी दारात बाज टाकून स्वतः राखण करत बसले. बाकी खर्च अमेरिकेच्या सरकारी मदतीतून यायचा. वॉशिंग्टनहून दिल्ली, दिल्लीहून पुणे, पुण्याहून नगर असा तो ठिबकत यायचा आणि वाटेत प्रत्येक जण त्याला तोंड लावायचा. तरी डाळ-भाकरीपुरता पाथर्डीला पोचायचा, हे मान्य केलं पाहिजे.

त्या शेडमध्ये बारावीची एकच मुलगी होती. उंच, काटक आणि तोंडाने फटकळ. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. भावाचे जुने बूट घालून ती रोज पहाटे रस्त्याने पळायची आणि घामाघूम होऊन पुस्तक घेऊन बसायची. बारावी पास झाल्याशिवाय भरतीचा अर्ज भरता येत नाही, म्हणून तिला पास व्हायचं होतं. ज्ञानबिन तिला नको होतं. राज्यशास्त्र तिला थोतांड वाटायचं. जगात एकच महासत्ता उरली तो धडा मी शिकवला तेव्हा म्हणाली, "मॅडम, महासत्ता म्हंजी आमच्या मुकादमासारखंच की. अडीनडीला धावून येतंय आन् वर दमबी देतंय."

मी म्हटलं, "आहे खरं तसंच. पण परीक्षेत असं लिहू नकोस."

"मंग काय लिहू?"

"पुस्तकात आहे ते."

तिचं भय निराळंच होतं, आणि ते समजायला ऊसतोडीची रीत माहीत पाहिजे. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडणार, ती मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी विचारत नाही. म्हणून तिकडे पोरापोरींची लग्नं घाईने उरकतात. जोडी लागली की कोयता तयार. हिच्या भावाची बायको पोटुशी असताना मोळ्या वाहत होती. "वहिनी बाळंत झाली का दादाचा कोयता अर्धा पडनार," ती मला म्हणाली होती. "मंग सगळ्यांची नजर माझ्यावर. पर मी हितं हाय तवर कुनी न्हेत न्हाई. हितं खायाला हाय, ऱ्हायाला हाय, आबा दारात हायेत. काय सांगून न्हेतील?"

एवढंच होतं त्या मुलीचं संरक्षण: पत्र्याची शेड, दोन वेळची भाकरी आणि दारात बाजेवर बसलेला एक म्हातारा.

मदत देणाऱ्या अमेरिकन खात्यातल्या एक बाई मागच्या हंगामात भेटीला आल्या होत्या. संस्थेचे संचालक तेव्हा आठ दिवस नुसते नाचत होते. खादीचा कुर्ता, वर जाकीट, तोंडात कायम 'ग्लोबल'. त्यांनी मुलींकडून लेझीम बसवून घेतलं, शेडला रंग दिला, पत्र्याच्या पेट्यांवर, पाण्याच्या फिल्टरवर, अगदी तव्याच्या दांड्यावर सुद्धा अमेरिकन झेंड्याचे स्टिकर चिकटवले. बाईंना फेटा बांधला तो डोळ्यांवर घसरत होता. त्यांनी ठेचा चाखला, डोळे पुसले, मुलींना जवळ घेतलं आणि आता आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं सांगितलं. मी त्याचं मराठी केलं. आबा म्हणाले, "त्यान्ला म्हना, घरचीच समजताय तर जेवून जावा." बाईंना वेळ नव्हता. त्यांचं जेवण गाडीत डब्यात होतं.

आता काम थांबवायचा हुकूम आला तेव्हा त्या कुटुंबातल्या कुणी साधा फोन केला नाही. ईमेल आला. खाली सहीसुद्धा नाही. संचालकांनी आम्हाला नगरच्या कार्यालयात बोलावलं आणि तो ईमेल उभं राहून, श्रद्धांजलीच्या आवाजात वाचून दाखवला. सगळी कामं तत्काळ थांबवावीत, असं त्यात होतं.

मी विचारलं, "मुलींचं संध्याकाळचं जेवण हे काम आहे का?"

ते म्हणाले, "टेक्निकली, हो."

"मग त्यांनी जेवायचं नाही?"

"मॅडम, आपण सगळ्यांनीच ह्या ग्लोबल रिअ‍ॅलिटीला सामोरं जायचंय." आणि ते सामोरे गेले. दुसऱ्या दिवशी पाथर्डीला जीप धाडली. डाळ-तांदूळ घेऊन नव्हे. दोन माणसं आली, हातात ब्लेडं, आणि पेट्यांवरचे, फिल्टरवरचे, तव्यावरचे झेंडे खरवडून गेली. मदत थांबलेल्या ठिकाणी देणाऱ्याचा झेंडा दिसला तर कुणी आक्षेप घेईल, असं त्यांचं म्हणणं. कुणीही असं सांगितलेलं नव्हतं. पण हुजरेगिरीची सवय लागली की मालक निघून गेला तरी पाठीचा कणा वाकलेलाच राहतो. त्या दोघांना चहा द्यावा लागला, आणि तो मुलींच्या दुधातला दिला गेला.

आबांनी हे सगळं बाजेवरून बघितलं. जीप गेल्यावर उठले, घरी गेले आणि बाजरीचं पोतं गड्याच्या डोक्यावर देऊन परत आले. "आमेरिका गेली तर गेली," म्हणाले, "बाजरी कुटं गेलीय?" वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंनी पगाराशिवाय राहायचं कबूल केलं. परीक्षा तोंडावर आली होती, तेवढे दिवस निघाले असते. मला वाटलं, चला, जगाची घडी विस्कटली तरी इथली बसली.

आणि आबा गेले. दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. चांगला मृत्यू म्हणायचा, पण वेळ चुकली.

आमच्या जिल्ह्यात दहावा म्हणजे अर्धं श्राद्ध आणि अर्धी प्रचारसभा. माझ्या माहेरी भिक्षुकी होती, वडील घाटावर दहावे चालवायचे, त्यामुळे मी लहानपणापासून हा प्रकार पाहिलाय. पण तेव्हा माईक नव्हता. आता आधी महाराजांचं प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं, मग पिंडाला कावळा शिवणार, मग जेवण. आबांच्या दहाव्याला नदीकाठी सारा गाव लोटला होता. उसात गेलेले सोडून, म्हणजे ज्यांच्या मुली आबांनी सांभाळल्या ते सोडून बाकी सगळे. तालुक्याचे एक पुढारी आले. त्यांना त्या सकाळी आणखी दोन दहावे गाठायचे होते, त्यामुळे गाडीचं इंजिन चालूच होतं. आबांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली, असं ते म्हणाले. आमचे संचालक म्हणाले, आबा हे ग्लोबल विचारांचे लोकल माणूस होते. आबा असते तर हळूच तंबाखू थुंकायला उठले असते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असं तासभर चाललं.

शेवटी पिंड ठेवले आणि लोक मागे सरकले. बाभळीवर दोन कावळे होते. बसून राहिले. आमच्याकडे समजूत अशी की कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरच्यांनी पुढे होऊन, जे राहिलं असेल ते पुरं करू, असा शब्द मोठ्याने द्यायचा. धाकटा मुलगा पुढे झाला, "आबा, आईला अंतर देनार न्हाई." कावळे ढिम्म. मुलगी म्हणाली, "आबा, आमी भावंडं भांडनार न्हाई." काही नाही. पुढारी म्हणाले, "आबा, तुमच्या शिवारातल्या रस्त्याचं काम मार्गी लावतो." एका कावळ्याने मान फिरवली. ऊन चढत होतं, मंडपातून बुंदीचा वास येत होता, पुढारी सारखे गाडीकडे बघत होते. गुरुजींनी थोरल्या मुलाला हळूच विचारलं, दर्भाचा कावळा करून शिववू का? थोरल्याला ते पटेना. गावात नाव गेलं असतं.

तेव्हा आबांची बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "त्यांचा जीव पोरींत आडाकलाय. पोरींचं बोला कुनीतरी."

आईला सांभाळणं सोपं होतं, ती आपलीच. थोरल्याने संचालकांकडे पाहिलं, संचालकांनी पुढाऱ्यांकडे, पुढाऱ्यांनी घड्याळाकडे. मग थोरला पिंडांपुढे हात जोडून म्हणाला, "आबा, पोरींची परीक्षा हुईस्तवर शेड त्यांचीच. माझा शब्द हाय." संचालकांना माईक दिसला की राहवत नाही. ते म्हणाले, "आणि जेवणाची जबाबदारी संस्थेची." मागे राहायला नको म्हणून पुढारीही म्हणाले, "काय कमी पडलं तर मी हाय."

आणि एक कावळा उतरला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल. तो टुणटुणत आला, भाताला चोच लावली आणि उडाला. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, बायकांनी डोळ्यांना पदर लावला आणि पुढच्या क्षणी जेवणाच्या पंक्तीकडे ही धावाधाव. मुलींच्या घोळक्यात ती बारावीची मुलगी उभी होती. माझ्याकडे बघून हसली आणि तिने मूठ वळून दाखवली, पळण्याची शर्यत जिंकल्यासारखी. मलाही खूप बरं वाटलं. गावादेखत, गेलेल्या बापापुढे दिलेला शब्द कोण मोडतो? एवढ्या शिकलेल्या बाईने हा हिशेब धरला, ह्याचं मला आज हसू येतं.

आठवडाही गेला नाही. आबांची बाजरी संपली. मी संचालकांना फोन केला. म्हणाले, "मॅडम, तो एक भावनिक क्षण होता. तसा ठराव कार्यकारिणीत झालेला नाही." पुढाऱ्यांना फोन केला तर त्यांच्या स्वीय सहायकाने उचलला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "कुठल्या दहाव्यातला शब्द म्हणता, मॅडम? साहेबांचे रोज दोन-तीन असतात."

मी पुढची जीप धरून गावात गेले. शेडपुढे ट्रॅक्टर उभा होता आणि थोरला कापूस उतरवून घेत होता. मुली आपापल्या पेट्यांवर अंगणात बसल्या होत्या. ती एकटी पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

मी त्याला म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता."

तो उद्धटपणे बोलला नाही, हे जास्त वाईट. मला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. "मॅडम, शब्द आबाला दिलता. कावळा शिवला, सगळ्या गावानं बघितलं. आबा सुटले. आता शब्द ऱ्हायलाय कुनाचा?"

"ह्या मुलींचा."

"त्यान्ला कुटं दिलता?" त्याला खरोखर नवल वाटलं. "घरात कापूस पडून हाय, भाव येईना, ठिवायचा कुटं? मानसानं आदी आपलं घर बघावं. आमेरिकाबी तेच म्हनतीय की."

तीस वर्षं मी करार शिकवले. तह, जाहीरनामे, परस्पर-सहकार्य, सामूहिक सुरक्षितता. त्या शेडपुढे मला पहिल्यांदा त्यांचा अर्थ नीट कळला. बडी राष्ट्रं मोठ्या सभागृहात जमतात, जगाच्या भल्याचे शब्द देतात. गरीब देशांना वाटतं शब्द आपल्याला दिलाय. तो त्यांना दिलेलाच नसतो. तो कावळ्याला दिलेला असतो. कावळा शिवला, फोटो निघाला, पंगत बसली, की गरज सरो वैद्य मरो. आणि वरचा एक जण बेशरमपणे उठून म्हणाला, आता मी माझ्या घरचं बघतो, की खालच्या सगळ्यांना लाज टाकायला परवानगी मिळते. त्या बड्या घरच्या माघारीने बाँब पडतील का, व्यापार बुडेल का, ह्यावर बागेतले परराष्ट्रमंत्री वाद घालोत. ती माघार अमेरिकेतून निघून दिल्ली, पुणे, नगर करत थेट एका कापसाच्या ट्रॅक्टरवर बसून आली, ती मी बघितली.

सत्तेची पोकळी रिकामी राहत नाही, कुणीतरी ती भरून काढतं, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. आता खिडकीतून आत बघितलं तर पांढरा ढीग फळ्याच्या निम्म्यापर्यंत आला होता. वरच्या भागात माझंच अक्षर दिसत होतं, परीक्षेला येऊ शकणारे प्रश्न.

लहान मुली आजी-आजोबांकडे गेल्या, काही उसात गेल्या. तिला न्यायला वडील आले. संगमनेरकडच्या उसाच्या फडातून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस, डोळे लाल. मी म्हटलं, माझं नगरला घर आहे, मी एकटी आहे, परीक्षा होईपर्यंत तिला माझ्याकडे राहू द्या. तो चपलेकडे बघत म्हणाला, "ठिवली आसती, मॅडम. तुमी काय परक्या न्हाई. पर सून बाळंत झालीय. पोराचा कोयता अर्धा पडलाय. मुकादम रोज तोंड सोडतोय. शेड हुती तवर सांगत हुतो त्याला, पोरगी आबाच्या ताब्यात हाय, मला इचारू नका. आता काय सांगू?"

त्याच्यावर मला चिडता येईना. त्याने कुठलं मोठं वचन दिलं नाही. एवढंच म्हणाला, "पेपराला आनून सोडतो." मुलगी पेटीवर बसून ऐकत होती. बूट तिने पेटीत घातले, पुस्तकं वर ठेवली आणि पेटीचं झाकण बसेना म्हणून त्यावर बसली.

पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी वडिलांनी तिला खरंच माझ्या दारात आणून सोडलं. तिच्या हातांवर, गालावर उसाच्या पाचटाने कापल्याच्या रेघा होत्या. जेवताना घास धरताना बोटं मिटेनात. सकाळी आम्ही एसटीने पाथर्डीला गेलो, तिने इंग्रजीचा पेपर लिहिला, बाहेर येऊन म्हणाली, "लिव्हलंय समदं. अक्षर मातर मुकादमाचं आलंय." आणि दुपारच्या गाडीने फडावर परत गेली.

मधल्या काळात संचालकांचा फोन आला. त्यांनी 'बदलती जागतिक व्यवस्था आणि भारतापुढील संधी' असा परिसंवाद ठरवला होता आणि बीजभाषण मी करावं, अशी त्यांची इच्छा होती. शाल, श्रीफळ, मानचिन्ह. मी विचारलं, जेवण आहे का? म्हणाले, "अर्थातच, उत्तम." मी म्हटलं, मग त्या जेवणाचा एक डबा संगमनेरच्या फडावर पाठवा, तुमचा शब्द तिथे उपाशी आहे. ते समजले नाहीत. वयोमानाने माझं असं होत असावं, असं ते नंतर कुणाला तरी म्हणाल्याचं कळलं. बागेतल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिथे बीजभाषण केलं. खांबांवर बोलले असतील.

राज्यशास्त्राच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी मी नगरच्या स्टँडवर उभी होते. संगमनेरकडच्या गाड्या येत गेल्या, ती आली नाही. फोन लागत नव्हता. कदाचित परस्पर येईल म्हणून सकाळी पाथर्डीला गेले. फाटकाशी उभी राहिले. घंटा झाली, फाटक लागलं. मी तिथेच एका टपरीवर बसून राहिले आणि पेपर सुटल्यावर एका मुलीकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली. कशासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

संध्याकाळी घरी पोचते तोच तिचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"मॅडम, रागावू नका. दादाचा कोयता बंद पडला आसता. आज काय काय आलं हुतं?"

मी प्रश्न वाचत गेले. ती उत्तरं सांगत गेली, मध्येच धापा टाकत, बहुतेक मोळी बांधत असावी. सगळं येत होतं तिला. मग महासत्तेवरचा प्रश्न आला, एक महासत्ता असलेल्या जगात त्या महासत्तेची भूमिका.

तिने विचारलं, "मॅडम, पुस्तकातलं सांगू का खरं?"

"पुस्तकातलं सांग," मी म्हटलं. "मार्क त्यालाच असतात."

मग तिने शाळेतल्यासारख्या सरळ आवाजात म्हटलं: महासत्ता जगातील शांतता आणि सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी घेते. ती दुर्बळ राष्ट्रांना संरक्षण देते आणि विकासासाठी मदतीचा हात पुढे करते. कुठे अडखळली नाही. शेवटी म्हणाली, "बरोबर हाय का?"

"बरोबर आहे."

"किती मार्क?"

"पैकीच्या पैकी." मग मी घाईघाईने म्हटलं, "हे बघ, जुलैत पुरवणी परीक्षा असते. तेव्हा दे. माझ्याकडे येऊन राहा."

"व्हय, ठावं हाय मला." मग म्हणाली, "पर मे मधी माझी जोडी लावायचं म्हनत्यात. पोरगा टोळीतलाच हाय."

कुणीतरी तिला हाक मारली. "ठिवते मॅडम, गाडी भरायचीय." पण फोन बंद करायचा ती विसरली. मी तसाच कानाला धरून ठेवला. मोळ्या ट्रॉलीत पडल्याचे आवाज येत होते. लांबून तिचा आवाज आला, भावाला सांगत होती, "मला पैकीच्या पैकी पडले आसते, दादा."